टाकीवरचा दिवा, खिडकीवरचा काळा कागद

माह्या लेकानं घरात समुद्र आणला अन् त्या समुद्रापायी माही खिडकी गेली. गोष्ट एवढीच होय, पण सांगाले बसलं तं लांबते, कारण मधात चार दिवे येतात.

पहिले खिडकीचं सांगते. मी रामटेककडची, पानमळ्यातली. बाप पानाच्या वेलीत राबला, सासराही पानवालाच. लग्नाच्या चवथ्या वर्षी सासऱ्याच्या मळ्यात रोग पडला, वेली बुडापासून काळ्या पडल्या, अन् आम्ही नवराबायको दोन लेकरं घेऊन नागपूरले आलो. जरीपटक्यात पानाच्या ठोक व्यापाऱ्याकडं मले काम भेटलं, पानं फिरवाचं. टोपली उघडाची, एकेक पान उलटून पाहाचं, सडकं बाजूले काढाचं, चांगलं पुन्हा रचाचं, वरून ओलं फडकं टाकाचं. पानाले ऊन चालत नाही, वारा चालत नाही, म्हणून त्या खोलीच्या भिंतीले एक भोकही नव्हतं. एक पिवळा बल्ब जळे. बावीस वर्षं मी त्या बल्बाखाली बसली. नवरा मधातच काविळीनं गेला. तेरवी झाली अन् दुसऱ्या दिवशी मी टोपलीपाशी होती, कारण पान थांबत नाही, एक दिवस फिरवलं नाही तं सारी टोपली सडते. बाहेर पाऊस आला का नाही, ते मले येणाऱ्या जाणाऱ्या लोकाइच्या ओल्या चपला पाहून समजे. पोरीचं लग्न त्याच कामावर झालं अन् पोराचं शिक्षणही त्याच कामावर झालं.

पोरगा विमानतळाकडच्या मिहानमधल्या कंपनीत नोकरीले लागला, लग्न केलं, वर्धा रोडकडं तिसऱ्या माळ्यावर घर घेतलं. हॉलमध्ये पूर्वेकडं मोठी खिडकी. तिच्याखाली त्यानं माही खाट टाकली अन् म्हणाला, "माय, हे तुही जागा." खिडकीत कडुलिंबाचा शेंडा. खाली इस्त्रीवाल्याचा ठेला, त्याच्यापाशी भांडणाऱ्या बाया, वरून विमान जाये तं त्याचं पांढरं पोट दिसे. साठी आली होती तेव्हा मले आयुष्यातली पहिली खिडकी भेटली. तिच्याबिगर मले त्या घरात काही नको होतं, अन् मी मागितलंही नाही.

मागच्या दसऱ्यानंतर टाकी आली. सहा फूट लांब काचेची, लोखंडी घोडीवर ठेवेल, हॉलची अर्धी भिंत तिनं खाल्ली. नळाचं पाणी तिले चालत नाही. मशीनमधून गाळलेलं पाणी, त्यात पाकिटातलं मीठ.

"काहून गा, सैपाकातलं मीठ काय वाईट होय?"

"ते चालत नाही, माय."

"अन् बोअरचं पाणी?"

"तेही चालत नाही."

सूनबाई बँकेत आहे, बोलाले तिखट आहे पण मनानं साफ आहे. ती आतून म्हणाली, "आई, काय चालते ते विचारा, लवकर होईल."

त्या पाण्यात त्यानं दगड रचले, नारिंगी पट्ट्याचे मासे सोडले अन् दगडाइवर पोवळे चिकटवले. मले पोवळं म्हणजे मंगळसूत्रातला लाल मणी ठाऊक. हे जिवंत निघाले. कोणी फुलासारखे उघडत, कोणी बोटं हालवत. लेक सांगे का याच्या आंगात डोळ्याले न दिसणारे बारीक जीव राहतात, ते उजेड खाऊन अन्न बनवतात अन् त्याच्यावर पोवळं जगते. म्हणून टाकीवरचा दिवा साधासुधा चालत नाही, एलईडी पाहिजे, अन् तोही बरोबर रंगाचा, बरोबर जोराचा. जुन्या तऱ्हेचे बल्ब राहत, पण ते तापतात, अन् नागपूरच्या उन्हाळ्यात पहिलेच पाणी गरम. मी म्हटलं, ठीक आहे बापा, तुहा समुद्र, तुहा दिवा.

दिवसा घरात आम्हीच राहो, मी अन् ते मासे. मी दोन वाजता ताट घेऊन खाटेवर बसली का ते काचेपाशी येऊन टक लावून पाहत. माह्यानं असं गिळवत नाही. लहानपणी रामटेकच्या तलावावर आम्ही माशाइले कणकेच्या गोळ्या टाकत होतो, आईनं लावेल सवय होती ते. तं मी पोळ्याइच्या कणकेतली एक सुपारीएवढी गोळी मोडून टाकत होती. ते झडप घालत. मंग मले जेवण जाये.

दोन महिन्यात टाकीच्या काचेवर हिरवं शेवाळ आलं. दगडाइवर तं हिरवे केसच उगवले. लेक रोज कामावरून आला का बाह्या वर करून काच घासे, अन् दोन दिवसात पुन्हा तसंच. त्यानं मोबाइलवरच्या मासेवाल्या लोकाइले विचारलं. मोबाइलमधून कोणीतरी सांगितलं का खिडकीतून ऊन येत असेल, त्यानं शेवाळ होते.

रविवारी त्यानं काळा कागद आणला अन् माही खिडकी आतून पुरी चिकटवून टाकली. मी खाटेवर बसलेली होती. माह्या डोक्यावरूनच हात लांबवून चिकटवली.

"कधीलोक गा हे?"

"शेवाळ गेलं का काढतो, माय. दिवा एकदा बरोबर बसला का काढतो."

पोराले बोलून काय होते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडले तं मले वाटलं का मी पुन्हा जरीपटक्याच्या खोलीतच उठली, अन् आता कोणी टोपली आणून पुढ्यात ठेवेल.

तेव्हापासून मी दिव्याचं काय होते तेवढंच पाहत राहिली. दिवा बसला तं खिडकी उघडेल, असा हिशेब होता.

पहिला दिवा टाकीसोबतच आलेला, लांब, पांढरा. खिडकी बंद केली तरी शेवाळ काही गेलं नाही, तं लेक म्हणाला, पांढऱ्या उजेडावर शेवाळ वाढते, पोवळ्याले निळा पाहिजे. खोल समुद्रात निळाच उजेड पोचते म्हणे. तं दुसरा दिवा आला, निळा. हॉल वरातीच्या बँडवाल्याच्या गाडीसारखा दिसाले लागला. पोवळे चमकत, ते खोटं नाही सांगत. पण ताटातलं वरणही चमके.

सूनबाई म्हणाली, "मी काय वाढून राहिली ते मलेच दिसत नाही. हे वरण होय का नीळ होय?"

"समुद्राच्या आतमध्ये असंच दिसते," लेक म्हणाला.

"मंग जेवाले तिकडंच जा."

त्यात त्यानं मले मधात घेतलं. "माय, तू दिवसभर इथी बसते. तू सांग, रंग कसा वाटते? डोळ्याले बरोबर वाटते का?"

माह्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढेल होता, डावा काढाचा बाकी होता. उजव्यानं पाहिलं तं सारं जांभळं निळं, टोचणारं. डावा उघडला तं तीच टाकी मळकट, शेणानं सारवल्यासारखी.

मी म्हटलं, "कोणत्या डोळ्याचं सांगू?"

"दोन्ही डोळ्याइचं सांग."

"एकीकडं लगन आहे, एकीकडं मयत आहे."

सूनबाईनं तोंडाले पदर लावला. लेकानं मात्र खरंच मोबाइलमध्ये काहीतरी लिहून घेतलं. तो लहानपणापासून तसाच आहे, दुसऱ्याचं ऐकते, लिहून घेते, अन् मंग आपल्या मनचंच करते.

तिसऱ्या दिव्यात पांढरा अन् निळा दोन्ही होते, बटणाचा कान पिळला का कमी जास्त होत. पण दिवा दीड फुटाचा अन् टाकी सहा फुटाची. मधात झगमगाट अन् दोन्ही टोकाले अंधार. मासे सारे मधात गर्दी करून राहत, मंडपातल्या पंख्याखाली पाहुणे बसतात तसे. आठ दिवसात तो दिवा डब्यात परत गेला. शेवाळ होतं तसंच होतं, अन् खिडकीवर कागदही होताच.

चवथा दिवा आला तेव्हा त्याची किंमत लेकानं मले सांगितली नाही, सूनबाईले तं नाहीच नाही. तीन तुकडे, प्रत्येकाले आतून बारीक पंखा, दिवा तापू नये म्हणून. सारा कारभार मोबाइलवर. सकाळी हळूहळू पिवळा होईल, दुपारी कडक, संध्याकाळी निळा. मधात मधात ढगही आणता येतात. त्यानं मले बोलावून दाखवलं.

"पाह्य माय, ढग आला."

टाकी थोडी काळी पडली अन् पुन्हा उजळली. पूर्वेकडची खिडकी काळ्या कागदानं बंद करून माहा लेक मले मोबाइलमधला सूर्योदय दाखवून राहिला होता. मी म्हटलं, "छान आहे गा." अजून काय म्हणाचं.

एवढा भारी दिवा अर्धा काहून चालवाचा, म्हणून त्यानं तो पहिल्याच दिवशी पुरा सोडला. अन् पाचव्या दिवशी पोवळे पांढरे पडाले लागले.

मी ते ओळखलं. पानमळ्यात नवी वेल लावली का वरचा गवताचा मांडव दाट ठेवतात. मंग दर चार आठ दिवसानं बोटभर गवत काढाचं, पुन्हा थांबाचं, पुन्हा काढाचं. आळस करून कोणी एकदम मांडव उघडला तं पान पांढरं पडते. हिरवं निघून जाते, नुसती कातडी राहते. आम्ही त्याले पान भाजलं म्हणत होतो. माह्या बापानं एका गड्याले त्यापायी मळ्यातून काढलं होतं.

संध्याकाळी मी लेकाले म्हटलं, "हे भाजले गा. उजेड कमी कर."

"माय, हे पानं नाही होत. यायले उजेड कमी पडून राहिला म्हणून रंग गेला. अजून नवीन आहेत."

"पुरा सोडला अन् कमी कसा पडेल?"

"तुले नाही समजणार."

सूनबाई तिथीच उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "हे पाहा, अक्षय तृतीयेले माहे माहेरचे जेवाले येऊन राहिले. तोपर्यंत हे सुधरलं तं ठीक. नाही तं टाकी ज्या दुकानातून आली तिथी परत. मले माहा हॉल पाहिजे." लेक हो म्हणाला. हो म्हणाल्याशिवाय त्याले गत नव्हती.

आता खरं सांगते. मले बरं वाटलं. टाकी गेली तं कागद आपोआप निघते. मले काही कराचं नव्हतं, नुसतं खाटेवर बसाचं होतं, अन् बसाचं काम मले चांगलं येते. चार दिवस मी बसली. पांढरेपणा खालून वर चढून राहिला होता. एक हिरवं पोवळं होतं, पंजासारखं, ते मले आवडे. त्याची चार बोटं पांढरी झाली, एक राहिलं. दुपारी तो दिवा असा कडक होये का काचेपाशी बसूनही आपल्याच कातडीले चटका बसल्यासारखा वाटे. मी तिकडं पाठ केली. पण पाठ केली तरी ते भाजूनच राहिले होते ना.

पाचव्या दिवशी दुपारी मी उठली. माहं जुनं सुती लुगडं होतं, ते बादलीत बुचकळलं, पिळलं, दोन घड्या केल्या, स्टुलावर चढली अन् तिन्ही दिव्याइवर पांघरलं. बावीस वर्षं मी हेच केलं होतं. पानावर ओलं फडकं टाकलं का पान वाचते. हात आपोआप तेच करत गेले. टाकीत सावली पडली, अन् मले बरं वाटलं का आता दोन घास सुखानं खाता येतील.

दिव्यातल्या पंख्याचा आवाज पहिले जाड झाला, मंग बंद पडला. वास आला. लुगड्याचं पाणी एका कोपऱ्यात जमून टपटप गळाले लागलं. अन् मंग खट्‌कन सारं घर बंद. पंखा, फ्रीज, टाकीचा पंप, सारं. दिवेही.

मी लेकाले फोन लावला. म्हटलं, "लाइट गेली."

"बाजूवाल्याइची आहे का?"

"त्याइची आहे."

तो तसाच मिहानमधून निघून आला. दार उघडून त्यानं दिव्याइवरचं लुगडं पाहिलं. मले वाटलं, आता बोलेल. पण त्यानं लुगडं काढलं, मेन बटण वर केलं, पंप सुरू केला, अन् मंग टाकीपुढं खाली फरशीवर बसला.

"माय, हे काय होय?"

"सावली होय."

"ओली?"

"कोरडी सावली पानाले पुरत नाही."

सूनबाई आली, तिनं सारं ऐकून घेतलं. "मी टाकी काढाची म्हणत होती, आई," ती म्हणाली. "तुम्ही तं घरच काढाले निघाल्या होत्या." पण जेवताना तिनं माह्या ताटात वरणावर तूप जास्तच वाढलं.

तीनातले दोन दिवे मेले होते. एकच जळे. तेव्हा कुठी लेकानं मोबाइल बाजूले ठेवून एका माणसाले घरी बोलावलं. त्याचा हा मित्र कोराडीच्या कॉलनीत राहते, वीज केंद्रात आहे, त्याच्याही घरी अशी टाकी आहे, अन् त्याच्यापाशी उजेड मोजाचं यंत्र आहे. लांब दांडीले बोटाएवढी गोळी, ते पाण्यात बुडवली का डब्बीवर आकडा येते. रविवारी तो आला. उरलेला दिवा पुरा सोडून त्यानं दांडी पोवळ्यापाशी नेली अन् लेकाकडं पाहिलं.

"हे तू तिन्ही दिवे लावून चालवत होता? एवढा पुरा?"

"हो."

"भाऊ, शेक दिला तू यायले."

मंग त्यानं सांगितलं का दिवा हातभर वर टांगा, अर्ध्याहून कमी ठेवा, अन् दर आठवड्याले थोडा थोडा वाढवा. बोटाबोटानंच म्हणाला तो, बोट उचलून दाखवलं. मी खाटेवर बसून ऐकत होती. लेकानं माह्याकडं पाहिलं नाही, मीही त्याच्याकडं पाहिलं नाही.

"काकूचं बरोबर होतं," मित्र म्हणाला. दिवे कशानं मेले ते लेकानं त्याले सांगेल होतं. "फक्त फडकं कोरडं पाहिजे होतं. नाही, फडकंच नाही पाहिजे होतं."

मंग त्याचं ध्यान खिडकीकडं गेलं. "हे काहून बंद केली?"

"शेवाळ होत होतं ना. ऊन येते."

त्यानं विचारलं बिचारलं नाही, कागदाचा एक कोपरा धरून अर्धी खिडकी फाडून काढली. सकाळचे दहा वाजले होते. चार महिन्यानंतर मले कडुलिंबाचा शेंडा दिसला, त्याले मोहर येऊन गेला होता अन् मले समजलंही नव्हतं. त्यानं दिवा बंद करून यंत्र पुन्हा टाकीत बुडवलं, इकडून तिकडं फिरवलं. आकडा जागचा हालतच नव्हता.

"काहीच नाही. समोर झाड, वरून स्लॅब. या उजेडानं काय शेवाळ होते."

माह्या आंगात काहीतरी चढलं. चार महिने. हे दांडी बुडवाचं काम दहा मिनिटाचं होतं. मोबाइलमधल्या माणसानं सांगितलं म्हणून माही खिडकी बंद, अन् मोजाचं कोणाच्या डोक्यात नाही. मी बोलालेच निघाली होती. तेवढ्यात तो म्हणाला, "मंग शेवाळ दुसऱ्या कशानं आहे. खाणं किती टाकता?"

"दिवसातून एकदा. चिमटीभर," लेक म्हणाला.

"तेवढ्यानं एवढं होत नाही."

त्यानं लांब चिमटा मागितला, अन् मागच्या दोन दगडाइच्या फटीत घातला. तिथून त्यानं एक करडा, बुळबुळीत गोळा काढला. मंग अजून एक. हातावर घेऊन नाकापाशी नेला अन् तोंड वाकडं केलं.

"पीठ आहे हे. सडलेलं. हे पाण्यात सडून राहिलं अन् शेवाळ त्याच्यावर जगून राहिलं."

सूनबाईनं गोळ्याकडं पाहिलं, मंग माह्याकडं.

मी म्हटलं, "माही कणीक होय."

"माय," लेक म्हणाला. "कधीपासून?"

"टाकी आली तेव्हापासून."

"रोज?"

"दोन वाजता."

"अन् सांगितलं काहून नाही?"

"तू विचारलं काहून नाही? दिवसभर इथी मीच राहते ना. रंगाचं विचारलं, खाण्याचं नाही विचारलं." अन् मंग मीच जरा नरम पडली. "ते जेवताना पाहतात गा. मले गिळवत नाही."

सूनबाई बोटं मोडून मोजाले लागली. "पांढरा, निळा, तो दीड फुटाचा, अन् हे तीन तुकडे. आई, तुमच्या एका गोळीपायी आम्ही एवढे दिवे बदलवले." अन् ती खाली बसून हसाले लागली, डोळ्यातून पाणी येईलोक. लेकाले हसू आलं नाही. मलेही आलं नाही. मी त्या करड्या गोळ्याकडं पाहून राहिली होती. मोबाइलवाल्यावर चार महिने मनात चिडली, लेकावर चिडली, अन् खिडकी तं मीच माह्या हातानं बंद केली होती, रोज एक सुपारीएवढी.

उरलेला कागद लेकानं त्याच दिवशी काढला. काचेवर गोंदाचे पट्टे राहिले, ते मी खोबरेल तेलानं घासून काढले. अक्षय तृतीयेले माहेरचे लोक आले, जेवले, टाकीकडं पाहून बरी आहे म्हणाले, अन् सूनबाई त्यावर काही बोलली नाही, म्हणून टाकी राहिली. दोन दिवे दुरुस्त होऊन आले, वर टांगेल आहेत, लेक दर रविवारी मोबाइलवर बोटभर वाढवते. चार पोवळे मेले. त्या हिरव्या पंजाचं जे एक बोट राहिलं होतं, त्याच्या बुडापासून बाजूच्या पांढऱ्या बोटाइवर आता तपकिरी रंग चढून राहिला आहे, आतले बारीक जीव परत येऊन राहिले म्हणते लेक. अजून हिरवा नाही झाला. शेवाळ कमी आहे.

दोन वाजता मी ताट घेते अन् खिडकीकडं तोंड करून बसते. खाली इस्त्रीवाला असते, बाया असतात. पाठीमागं मासे काचेपाशी येतात. मले दिसत नाहीत, पण पाण्याचा बारीक आवाज येते, अन् मले ठाऊक आहे का ते पाहून राहिले आहेत. मी वळत नाही. जेवण काही नीट जात नाही.